शिखराची उंची नेमकी कुठपासून मोजतात?

गेल्या डिसेंबरात भाचीला घेऊन कळसूबाईला गेलो होतो. बारी गावातून अंधारातच चालायला लागलो. शेवटची लोखंडी शिडी चढून देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण, उंची १,६४६ मीटर, हे तिला शाळेपासून पाठ. तिनं फोन काढला आणि उंची पाहिली. १,६४४. माझ्या फोनवरच्या वेगळ्या अ‍ॅपनं दाखवलं १,५८१. दोन्ही फोन एकाच कातळावर शेजारीशेजारी ठेवले, पाच मिनिटं थांबलो. आकडे दोन-चार मीटर इकडेतिकडे झाले, पण साठ-पासष्ट मीटरचा फरक काही जाईना.

"मामा, तुझा फोन बिघडलाय," ती म्हणाली.

फोन बिघडलेला नव्हता. दोन्ही अ‍ॅप आपापल्या हिशोबानं बरोबरच होती. ती उंची वेगवेगळ्या ठिकाणापासून मोजत होती, एवढंच. हाच घोळ एव्हरेस्टच्या बाबतीतही आहे. जुन्या भूगोलाच्या पुस्तकात ८,८४८ मीटर, कुठे ८,८५०, चीनच्या नकाशांवर बरीच वर्षं ८,८४४.४३ आणि डिसेंबर २०२० पासून ८,८४८.८६. डोंगर एक आणि आकडे चार कसे, हा भाचीचा प्रश्न. उतरताना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे नीट लिहितो आहे.

## जोतं कुठलं धरायचं?

दोन मजली घराची उंची विचारली तर कोणीही आधी विचारेल, जोत्यापासून की रस्त्यापासून? उतारावरचं घर असेल तर पुढून वेगळी भरते आणि मागून वेगळी. डोंगराचं तर जोतंच दिसत नाही. हिमालयाचा पायथा तराईत धरायचा की तिबेटच्या पठारावर? पठार मुळातच चार-साडेचार हजार मीटरवर आहे. तिथून पाहिलं तर एव्हरेस्ट निम्माच उरतो. म्हणून जगानं सगळ्या डोंगरांसाठी एकच जोतं ठरवलं, ते म्हणजे समुद्र. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली जो बारीक आकडा असतो, तो याच जोत्यापासूनचा.

पण समुद्र कुठे स्थिर असतो? भरती-ओहोटीनं मुंबईत पाणी दिवसाकाठी कित्येक मीटर वरखाली होतं. म्हणून बंदरात मोजपट्टीसारखं यंत्र बसवून वर्षानुवर्षं पाण्याची नोंद ठेवतात आणि सरासरी काढतात. ती सरासरी पातळी म्हणजे समुद्रसपाटी. भारतात अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांतल्या नोंदींवरून १९०९ मध्ये ही पातळी पक्की केली गेली. पुढे भारतातल्या डोंगरांच्या, धरणांच्या आणि स्टेशनांच्या उंचीचा 'शून्य' तोच झाला.

आता खरी अडचण. समुद्र किनाऱ्याशी संपतो आणि डोंगर हजार किलोमीटर आत उभा. त्याच्या खाली समुद्रसपाटी कुठे शोधायची?

इथे आपल्या गवंड्याचं एक साधन कामाला येतं, पाण्याची नळी. घर बांधताना एका खांबावरची खूण दुसऱ्या खांबावर न्यायची असेल तर गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि तिची दोन टोकं दोन खांबांना धरतो. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिरावतं ती एकच पातळी. अशी एक अवाढव्य नळी मुंबईच्या किनाऱ्यापासून जमिनीखालून थेट एव्हरेस्टच्या तळापर्यंत नेली अशी कल्पना करा. तिच्यात पाणी जिथे थांबेल, ती तिथली समुद्रसपाटी. शास्त्रज्ञ या कल्पित पृष्ठाला जिऑइड म्हणतात. आपण पाणसपाटी म्हणू.

गंमत अशी की ही पाणसपाटी अंड्यासारखी गुळगुळीत नाही. पाणी गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक आहेत, कुठे हलके, त्यामुळे ओढ जागोजागी कमीजास्त असते. जिथे ओढ कमी, तिथे पाणसपाटी खोलगट होते. जगातला सर्वांत मोठा असा खोलगट भाग श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथला समुद्र अपेक्षेपेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. जहाजावरच्या माणसाला ते कळतही नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सगळीकडे सपाटच असतं. त्या खोलगटपणाचा उतार आपल्याकडेही पोचतो.

जीपीएसला मात्र पाणी, नळी काही ठाऊक नाही. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती, ध्रुवांशी किंचित चपट्या आकारापासून. महाराष्ट्रात पाणसपाटी या गुळगुळीत आकाराच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. म्हणजे जुहूच्या वाळूत उभं राहून जीपीएसचा कच्चा आकडा वाचला तर तो उणे साठच्या आसपास येतो, पाय कोरडे असूनही. भाचीचं अ‍ॅप हा फरक दुरुस्त करून दाखवत होतं, माझं कच्चा आकडा तसाच देत होतं. कळसूबाईवरचं कोडं एवढंच होतं. डोंगरावर जाणाऱ्यांनी आपलं अ‍ॅप कोणता आकडा देतं हे घरूनच तपासून घ्यावं. नकाशावरच्या उंचीशी पडताळून वाट शोधत असाल आणि साठ मीटर चुकले, तर सह्याद्रीत तेवढ्यात वाट भलत्याच घळीत उतरते.

## डोंगराकडे झुकणारा ओळंबा

गवंड्याचं दुसरं साधन ओळंबा. भिंत सरळ आहे का हे तो ओळंबा सोडून बघतो, कारण दोरी थेट खाली जाते यावर त्याचा भरवसा असतो. हिमालयाजवळ मात्र दोरी थेट खाली जात नाही. शेजारी एवढा प्रचंड डोंगर असला की तोही वजनाला स्वतःकडे ओढतो, आणि ओळंबा केसभर डोंगराकडे झुकतो. सर्वेक्षणाची सगळी यंत्रं ओळंबा धरूनच उभी करतात. ओळंबा झुकला की यंत्र तिरकं होतं आणि मोजलेला प्रत्येक कोन थोडा खोटा निघतो.

एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी करणाऱ्यांना हे ठेचकाळून कळलं. उत्तरेतलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवर मोजलं तेव्हा एक आलं, ताऱ्यांवरून काढलं तेव्हा दुसरं. फरक अगदी थोडा, पाच सेकंदांहून किंचित जास्त कोनाचा (सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या वस्तुमानावरून हिशोब केला, तर फरक याच्या तिप्पट यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढ्या ताकदीनं ओढत नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी कारण सुचवलं. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो, तशी डोंगराला खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात. वरच्या वजनाची ओढ खालच्या हलकेपणामुळे बरीचशी फिटते. एका बारीकशा चुकीच्या मागे लागून माणसाला डोंगराची मुळं सापडली. या सगळ्या कहाणीतला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

## १९० किलोमीटरवरून

भारताची ही मोजणी सुरू झाली १८०२ मध्ये मद्रासला. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी सेंट थॉमस माउंटजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनं अतिशय काळजीपूर्वक मोजली. शाळेतली भूमिती आठवा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू कागदावर निघतात. मग त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्यापुढचा. असे त्रिकोण जोडत जोडत ही माणसं दक्षिणेकडून हिमालयापर्यंत गेली. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं. ते देवळांच्या गोपुरांवर आणि टेकड्यांच्या माथ्यावर चढवायचं, आणि जिथे टेकडी नाही तिथे मनोरे बांधायचे. मलेरियानं असंख्य माणसं गेली. त्यात खलासी म्हणजे सर्वेक्षणातले मजूर, हमाल, झेंडे धरणारे होते, ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

लॅम्बटन स्वतः या कामावर असतानाच जानेवारी १८२३ मध्ये वारले, ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. हिमालय मोजण्याच्या कहाणीचा एक धागा विदर्भातल्या कापसाच्या गावात थांबलेला आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांच्यानंतर काम हाती घेतलं त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी.

नेपाळनं परक्यांना आत येऊ दिलं नव्हतं. म्हणून १८४९-५० च्या हिवाळ्यात सर्वेक्षकांनी बिहारच्या सपाटीवरून, पावणेदोनशे ते एकशे नव्वद किलोमीटरवरून शिखरांचे कोन घेतले. एका ठाण्यापासून 'पंधरा क्रमांकाचं शिखर', म्हणजे आजचा एव्हरेस्ट, जवळपास १९० किलोमीटरवर होतं. तिथून ते क्षितिजावर दोन अंशांपेक्षाही कमी दिसत होतं. हात लांब करून अंगठा आडवा धरा. अंगठ्याची रुंदी जवळपास दोन अंश भरते. म्हणजे जगातलं सर्वांत उंच शिखर त्यांना अंगठ्याआड झाकलं जाईल एवढंच दिसत होतं.

आता यातली बारकाई पाहा. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक सेकंद कोन होतो. दहा रुपयांचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा तो. १९० किलोमीटरवर एका सेकंदाची चूक म्हणजे उंचीत जवळजवळ एक मीटरची चूक.

त्यात पृथ्वी गोल. एवढ्या अंतरात जमीन वळून खाली जाते, आणि शिखराचा खालचा सुमारे २.८ किलोमीटर भाग त्या वळणातच गडप होतो. तो हिशोबात परत मिळवावा लागतो. उलट दिशेनं हवा फसवते. ग्लासातल्या पाण्यात चमचा वाकडा दिसतो तसा प्रकाश वरच्या विरळ हवेतून खालच्या दाट हवेत येताना वाकतो, आणि शिखर आहे त्याहून वर दिसतं. या अंतरावर ही फसवणूक तीन-चारशे मीटरची होते. ती हवेच्या तापमानानं, दाबानं, दिवसाच्या वेळेनं बदलते. त्यामुळे कोन घेणं हे निम्मं काम, कागदावरचा हिशोब उरलेलं निम्मं.

तो हिशोब ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते राधानाथ सिकदार. कलकत्त्याचे बंगाली गणिती, वयाच्या अठराव्या वर्षी या खात्यात लागलेले. तेव्हा 'कॉम्प्युटर' हे यंत्राचं नाव नव्हतं, हिशोब करणाऱ्या माणसाच्या पदाचं नाव होतं, आणि सिकदार मुख्य कॉम्प्युटर होते. १८५२ मध्ये हे शिखर सर्वांत उंच असल्याचं उमगलं. ते धावत साहेबांच्या खोलीत गेले आणि 'साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं' म्हणाले, ही गोष्ट लाडकी असली तरी खरी वाटत नाही, कारण ते तेव्हा कलकत्त्यात होते आणि त्यांचे वरिष्ठ अँड्र्यू वॉ देहरादूनला. वॉ यांनी आणखी चार वर्षं पडताळणी करून १८५६ मध्ये आकडा जाहीर केला, २९,००२ फूट. म्हणजे जवळपास ८,८४० मीटर. आजच्या आकड्यापेक्षा फक्त नऊ मीटर कमी.

याबद्दल आणखी एक गोष्ट फिरते. उत्तर नेमकं २९,००० फूट आलं होतं, लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वॉ यांनी दोन फूट वाढवले. सहा ठाण्यांवरून निघालेल्या उंची २८,९९० ते २९,०२६ फुटांच्या दरम्यान आहेत आणि त्यांची सरासरी काढली की २९,००२ च येते. दोन फुटांची लबाडी कोणी केली नव्हती.

नावाबद्दल मात्र मन खट्टू होतं. तिबेटी लोक या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत होते. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी स्वतः आपलं नाव द्यायला हरकत घेतली होती, कारण इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं तेच नाव पक्कं केलं. सिकदारांचं नाव कुठल्याच डोंगराला मिळालं नाही.

## डोक्यावरचे केस धरायचे का?

मुलाची उंची भिंतीवर पेन्सिलीनं खुणावताना आपण केस दाबून पट्टी ठेवतो. शिखराच्या डोक्यावर बर्फ असतो. तो धरायचा की खालच्या खडकापर्यंतच मोजायचं? एव्हरेस्टच्या आकड्यांचा निम्मा वाद हाच आहे.

१९५२ ते ५४ मध्ये भारताच्या सर्वेक्षण खात्यानं जास्त जवळून, नेपाळच्या हद्दीतून मोजणी केली आणि २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर हा आकडा आला. आपण सगळे तोच शिकलो. चीननं १९७५ मध्ये शिखरावर धातूची तिपाई उभारून ८,८४८.१३ काढला. १९९९ मध्ये अमेरिकी पथकानं जीपीएस वापरून ८,८५० सांगितला. २००५ मध्ये चीननं रडारनं बर्फाची जाडी मोजली, ती साडेतीन मीटर भरली. ती वजा करून त्यांनी खडकाची उंची ८,८४४.४३ जाहीर केली. नेपाळला हे मान्य नव्हतं. शिखर दोघांच्या सीमेवर, आणि दोन शेजाऱ्यांच्या सरकारी नकाशात दोन आकडे.

माझं मत विचाराल तर बर्फासकट मोजणंच योग्य. शिखरावर पोचलेला माणूस बर्फावर उभा असतो, खडकावर नाही. जगातल्या बहुतेक बर्फाच्छादित शिखरांचे आकडे तसेच दिलेले आहेत. एकासाठी नियम बदलला तर तुलनाच उरत नाही.

## उपग्रह आहेत, मग माणूस वर कशाला?

हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला आहे. उत्तर सोपं आहे. उपग्रह आपल्याला उंची सांगतो ती यंत्र जिथे ठेवलं आहे तिथली. यंत्र कोणीतरी माथ्यावर नेऊन ठेवावंच लागतं.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडूचं खोरं सुमारे मीटरभर वर आलं. एव्हरेस्ट खचला की काय अशी शंका जगभर निघाली. तेव्हा नेपाळनं ठरवलं की आपला डोंगर आपणच मोजायचा. तोवरचे सगळे आकडे इतरांनी दिलेले होते. त्यांच्या सर्वेक्षकांनी दक्षिणेच्या तराईपासून डोंगरापर्यंत पातळी वाहून नेली. दोन पट्ट्या, मध्ये दुर्बीण, पन्नास-साठ पावलांची एक टप्पी, मग पुढची. गवंड्याची नळीच, फक्त शेकडो किलोमीटर लांब. वाटेत ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षण मोजलं, म्हणजे शिखराखालची पाणसपाटी काढता येईल.

आणि २२ मे २०१९ ला पहाटे तीन वाजता सर्वेक्षक खिमलाल गौतम आपल्या सोबत्यांसह माथ्यावर पोचले. दिवसा गिर्यारोहकांची गर्दी होते, यंत्राला मोकळं आकाश आणि निवांत जागा लागते, म्हणून ही वेळ. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, काळोखात तासाभराहून जास्त वेळ यंत्र चालू ठेवून ते वर थांबले. बहुतेक लोक तिथे काही मिनिटं थांबून फोटो काढून उतरतात. गौतम यांना हिमदंशानं पायाचं एक बोट गमवावं लागलं. पुस्तकातल्या दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांची ही किंमत आहे.

चीनचं पथक २७ मे २०२० ला उत्तरेकडून वर गेलं. मग दोन्ही देशांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि समुद्रसपाटीही आपापली न धरता आंतरराष्ट्रीय पद्धतीची धरली. ८ डिसेंबर २०२० ला दोघांनी मिळून आकडा जाहीर केला, ८,८४८.८६ मीटर, बर्फासह.

तो ८६ सेंटिमीटर अगदी खरा मानायचा का, असं कोणी विचारलं तर सांगेन की मोजणी तेवढी बारीक झालेली आहे, पण वरचा बर्फ ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. तो आकडा त्या दिवसांचा आहे. आणि आधीच्या ८,८४८ पेक्षा ८६ सेंटिमीटरनं डोंगर 'वाढला' असं म्हणणं चूक. मोजपट्टी सुधारली.

## के-टू एव्हरेस्टपेक्षा उंच आहे का?

१९८६ मध्ये जॉर्ज वॉलरस्टाइन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी के-टूच्या परिसरात उपग्रहाच्या मदतीनं मोजणी केली. तिच्यावरून के-टूची उंची २९,०६४ फूट असू शकते असं निघालं, म्हणजे तेव्हाच्या एव्हरेस्टपेक्षा ३६ फूट जास्त. ते स्वतः ठाम नव्हते. पण वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि भूगोलाच्या शिक्षकांची झोप उडाली. मग इटलीचे आर्दितो देसिओ पुढे आले. के-टूवर १९५४ मध्ये पहिल्यांदा माणसं पोचली त्या मोहिमेचे ते प्रमुख, आणि आता नव्वदीत. १९८७ मध्ये त्यांच्या मोहिमेनं दोन्ही शिखरं एकाच पद्धतीनं, एकाच जोत्यावरून मोजली. एव्हरेस्ट ८,८७२, के-टू ८,६१६. एव्हरेस्टचा त्यांचा आकडा आज थोडा जास्त वाटतो, पण क्रमाचा प्रश्न मिटला. के-टूची मान्य उंची ८,६११ मीटर.

असं याआधीही झालेलं आहे. एके काळी युरोपात इक्वेडोरचा चिंबोराझो सर्वांत उंच समजत. मग नेपाळचा धौलागिरी, ८,१६७ मीटर. मग सिक्कीमच्या सीमेवरचं कांचनजंगा, ८,५८६. सिकदारांच्या हिशोबानं त्याचा क्रम खाली गेला.

## "पण खरं सर्वांत उंच तर चिंबोराझो!"

ही माहिती सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि ती खोटी नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे. केंद्रापासून तिथला पृष्ठभाग ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटर दूर आहे. चिंबोराझो जवळजवळ विषुववृत्तावर उभा आहे. समुद्रसपाटीपासून तो ६,२६३ मीटरच, पण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर त्याचा माथा एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर आहे.

हवाई बेटावरचा मौना केआही असाच. समुद्राबाहेर ४,२०७ मीटर, पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी. तळापासून माथ्यापर्यंत तो दहा हजार मीटरपेक्षा उंच आहे.

मग एव्हरेस्टच का? कारण उंचीचा रोजचा अर्थ 'किती वर चढलं' असा आहे, आणि वर-खाली गुरुत्वाकर्षण ठरवतं. केंद्रापासूनचं अंतर धरलं तर विषुववृत्ताजवळचा समुद्रकिनारासुद्धा उत्तरेकडच्या कित्येक डोंगरांपेक्षा 'उंच' ठरेल, आणि नदी उंचाकडे वाहते असं म्हणावं लागेल. पाण्याला जे वर वाटतं तेच वर. शिवाय श्वास लागतो तो हवा विरळ झाल्यानं, आणि हवेचा दाबही समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणेच उतरत जातो.

## आठ हजारी शिखरं चौदाच का?

आठ हजार मीटरच्या वरची शिखरं चौदा, असं सगळीकडे छापलेलं असतं. एव्हरेस्ट, के-टू, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू, नंगा पर्वत, अन्नपूर्णा, गाशेरब्रुम एक, ब्रॉड पीक, गाशेरब्रुम दोन आणि शिशापंग्मा. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक २०१९ मध्ये यातल्या कांचनजंगावर पोचले तेव्हा आपल्याकडे त्याची मोठी बातमी झाली होती. पण कांचनजंगाच्याच शेजारी यालुंग कांग नावाचा सुळका आहे, ८,५०५ मीटरचा. मकालूपेक्षा, चो ओयूपेक्षा उंच. तो यादीत नाही.

कारण त्याला स्वतःचा पुरेसा उठाव नाही. उठाव म्हणजे शिखरावरून उतरून शेजारच्या अधिक उंच शिखराकडे जायचं असेल, तर मधल्या खिंडीत किती खाली उतरावं लागतं, तेवढी उंची. राजगडाच्या माचीवर उंचवटे आहेत, बालेकिल्ला आहे, पण आपण त्यांना वेगवेगळे डोंगर म्हणत नाही. तसंच हे. यालुंग कांग आणि मुख्य शिखर यांच्यामधली खिंड जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर खाली आहे. ल्होत्से एव्हरेस्टला चिकटलेला, पण मधली साउथ कोल खिंड ७,९०६ मीटरवर आहे. म्हणजे ल्होत्सेचा उठाव सहाशे मीटरहून जास्त, आणि तो यादीत आला.

आणि आठ हजार हा आकडाच मुळात मीटरचा चमत्कार आहे. आपण अजून फुटांत मोजत असतो तर ही रेषा २६,२४७ फुटांवर कोणी आखली असती? चो ओयूच्या शेजारचा ग्याचुंग कांग ७,९५२ मीटर आहे. अठ्ठेचाळीस मीटर कमी पडले, म्हणून त्याचं नाव गिर्यारोहकांच्या बाहेर कोणाला माहीत नाही. तिथे जाणाऱ्यांना तो चौदापैकी कित्येकांपेक्षा अवघड जातो.

## डोंगर वाढतो आहे, मग पुस्तकं का बदलत नाहीत?

भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. नखं वाढतात जवळपास त्याच वेगानं. त्यातली काही रेटारेटी हिमालय उचलण्यात जाते. एव्हरेस्ट वर्षाला काही मिलिमीटर वर येतो, आणि वारा, बर्फ, पाणी त्याला झिजवत राहतात. २०२४ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या संशोधनानं यात एक नवीन कारण जोडलं. सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी अरुण नदीला दुसरी एक नदी येऊन मिळाली, तिची ताकद वाढली आणि तिनं एव्हरेस्टजवळच्या दऱ्या खोल कापत अफाट खडक वाहून नेला. ओंडक्यावरून ओझं उतरवलं की ओंडका वर येतो. एअरींच्या मुळांचा हिशोब इथे पुन्हा उपयोगी पडतो. या संशोधकांच्या मते त्यामुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर जास्त उंच झाला.

मिलिमीटरचा बदल पुस्तकात दरवर्षी छापण्यात अर्थ नाही, बर्फच त्याहून जास्त हलतो. परीक्षेत विचारलं तर ८,८४८.८६ मीटर लिहावं. भाचीलाही तेच सांगितलं.

तिनं घरी आल्यावर फोनवर एक फोटो शोधून मला दाखवला, एव्हरेस्टच्या माथ्याजवळच्या दगडाचा. तो चुनखडक आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. समुद्रात राहणाऱ्या जिवांच्या कवचांचे तुकडे त्यात अजून दिसतात. "म्हणजे तेव्हा याची उंची उणे होती," ती म्हणाली.